चामड्याने बांधलेला लोलक

मित्रांनो, मला हलवून पाहा. आवाज येणार नाही. मी एक जुनी हातघंटा आहे आणि माझा लोलक चामड्याच्या पट्टीत बांधलेला आहे. ती पट्टी कुणी बांधली आणि नंतर ती कुणी का सोडली नाही, एवढीच माझी गोष्ट आहे.

घंटा होण्याआधी मी बोहेमियातल्या एका स्वयंपाकघरात काशाचा खल होते. त्या घरचा धाकटा मुलगा कास्पार पाद्री झाला, तेव्हा त्याची थोरली बहीण उर्सुला आईमागे राहिलेला तो खल घेऊन ओताऱ्याकडे गेली. "खसखस काय, दगडावरही वाटता येते," ती म्हणाली. "याची घंटा करून द्या. माझा भाऊ मरणाऱ्याच्या घरी निघाला, की ती पुढं वाजली पाहिजे."

आमच्याकडे तशी रीतच होती. पाद्री मरणाऱ्याच्या कपाळी लावायचे पवित्र तेल घेऊन निघे, पुढे घंटा वाजे, रस्त्यातली माणसे गुडघे टेकत. अंथरुणावरच्या माणसाला लांबूनच कळे, की कुणीतरी आपल्यासाठी येत आहे. त्या खेड्यात मी पुष्कळ वाजले.

मग फादर कास्पार यांना ग्रोसेनाउ शहराच्या राजवाड्यात राजाचे पाद्री म्हणून बोलावणे आले. उर्सुलाही घर सांभाळायला आली. राजाच्या आजोबांनी लग्नासाठी कॅथलिक धर्म घेतला होता, शहर मात्र लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचेच राहिले होते. राजवाड्याच्या आत काय हवे ते करा, पण रस्त्यावर तुमची घंटा वाजता कामा नये, अशी शहराची अट होती. उर्सुलाने जुन्या बुटाचे चामडे कापले आणि माझा लोलक घट्ट बांधला.

"घे," ती मला म्हणाली. "आता तू नि मी सारख्या. तोंड बांधलेल्या."

"तुझं तोंड कोण बांधणार, ताई?" फादर हसले.

"बांधून तर बघ!"

तेव्हापासून मी तेलाच्या कुपीशेजारी, त्यांच्या झग्याच्या खिशात राहू लागले. शहरात कॅथलिक थोडेच होते. वाड्यातले आचारी, इटलीहून आलेले गवई, पहारेकऱ्यांच्या बायका. त्यांना मरताना दुसरा पाद्री नव्हता. आम्ही त्यांच्याकडे मुक्याने जात असू.

राजाच्या टेबलावर एक नियम होता. राजा मांडीवरचा रुमाल उचलून टेबलावर ठेवत नाही, तोवर कुणी खुर्ची सोडायची नाही. राजाला या नियमाची भारी गंमत वाटे. कुणाला खोकला आला, कुणाला घाईची लागली, की तो मुद्दाम फळे मागवी. फादर टेबलाच्या शेवटच्या टोकाला बसत आणि बहुतेक थट्टा त्यांच्याच वाट्याला येई.

संत मार्टिनच्या सणाला दुपारी भाजलेल्या बदकांची मेजवानी असे. त्या वर्षी उर्सुला छातीच्या तापाने अंथरुणाला खिळली होती. "जाऊन ये," ती म्हणाली. "नाही गेलास तर तो महिनाभर टोचेल तुला. माझ्या वाटचंही खा."

जेवण अर्ध्यावर आले होते. शेजारची बेकरीवाली विधवा, फ्राउ होल्त्सर, धावत वाड्याच्या दारी आली. लुथरपंथीय असूनही ती उर्सुलाजवळ बसली होती. तिचा निरोप एका सेवकाने फादरच्या कानात सांगितला. ते अर्धवट उठले.

"कुठं निघालात, फादर?" राजाने विचारले.

"महाराज, माझी बहीण जातेय. तिला शेवटचं तेल लावायचंय."

"ती जातेय ना? मग जाऊ द्या की. तुम्ही कशाला निघालात?"

सगळे टेबल हसले. दरबाराचा प्रमुख फॉन ट्रोश्के सर्वांत मोठ्याने हसला.

"माझा रुमाल अजून मांडीवर आहे," राजा म्हणाला. "तो दिसत नाही का तुम्हाला? उठा, खुशाल उठा. पण मग वाड्याचं दार पुन्हा उघडणार नाही आणि तुमच्या जागी दुसरा पाद्रीही येणार नाही. तुमचे ते आचारी नि गवई मरोत कुत्र्यासारखे."

फादर खाली बसले. खिशात त्यांच्या मुठीत मी होते. मूठ इतकी आवळलेली, की माझी कड त्यांच्या तळव्यात रुतली. राजाने आणखी एक बदक मागवले. त्याचा एकेक पाय सावकाश सोलला, हाडे चोखली. मग नाशपाती आल्या. मग अक्रोड. अक्रोड तो स्वतः फोडत होता.

आम्ही घरी पोचलो तेव्हा उर्सुलाचे डोळे मिटवलेले होते.

"ती सारखी विचारत होती," फ्राउ होल्त्सर म्हणाली. "घंटा वाजतेय का गं? शेवटी मी म्हटलं, वाजतेय, गल्लीत आलेत ते. खोटं बोलले मी, पाद्रीबाबा."



पुढे कित्येक वर्षे ते त्याच टेबलावर बसले. आचाऱ्यांना, गवयांना त्यांनी शेवटचे तेल लावले. बदकाला मात्र हात लावला नाही. राजा म्हातारा होत गेला आणि जास्तच टोचू लागला.

अशाच एका मार्टिनच्या सणाला जेवता जेवता राजाची मान एका बाजूला कलली. तोंड वाकडे झाले. हात लोंबला. रुमाल मांडीवरच होता.

कुणीही उठले नाही. सगळे ट्रोश्केकडे पाहत होते आणि ट्रोश्के रुमालाकडे. "महाराज थट्टा करताहेत," कुणीतरी पुटपुटले. मागल्या वर्षी राजाने असेच सोंग केले होते आणि उठलेल्या एकाला घोड्यांच्या तबेल्यात कामाला लावले होते.

राजाचे डोळे मात्र उघडे होते. ते टेबलाच्या शेवटच्या टोकाकडे लागले होते. त्यांतली थट्टा गेली होती. त्याला तेल हवे होते. फादरनी ते ओळखले, कारण अशी नजर त्यांनी शेकडो अंथरुणांवर पाहिली होती. कुपी त्यांच्या खिशात, माझ्या शेजारीच होती.

फादरनी ताटातला बदकाचा एक तुकडा उचलला. तो तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. ओठ पुसले. मग ते उठले.

"फादर, रुमाल!" ट्रोश्के ओरडला.

ते चालत राहिले. टेबल लांब होते. ते पोचले तेव्हा राजाच्या डोळ्यांत काही उरले नव्हते. तरीही त्यांनी तेल लावले.

घरी आल्यावर त्यांनी फ्राउ होल्त्सरला दारातच सांगितले, "दोघांनाही उशीर केला मी. दोन्ही वेळा मी जेवत होतो."

ती म्हणाली, "आता शहर बदललंय, पाद्रीबाबा. घंटेची बंदी उठतेय म्हणतात. सोडू का पट्टी?"

"नको," फादर म्हणाले. "जिला ऐकायची होती, तिला ऐकू आली नाही. राहू दे."

आता मी एका संग्रहालयाच्या काचेत आहे. मला घासून लख्ख करतात, पण इथे माझा आवाज कुणी ऐकलेला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, मागणे एकच आहे. पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारली, तर हातातला घास खाली ठेवा. हाक मारणारा नावडता असला तरीही ठेवा. जेवण कुणाचे रुमालाने संपते, कुणाचे भीतीने, कुणाचे रागाने. अंथरुणावरचे माणूस तोवर थांबत नाही. ते फक्त कान देऊन असते.