फळ्याचे एकशे चव्वेचाळीस तास

चाकाचा शोध लागला, मग छपाईचा लागला, आणि त्यानंतर मानवजातीने तिसरी मोठी झेप घेतली ती सातवी ‘ब’च्या वर्गात. तिथे डिजिटल फळा बसला. झेप जरा तिरकी होती, कारण भिंतीला ओल होती आणि उजव्या कोपऱ्यातला स्क्रू काही केल्या धरत नव्हता.

बसवणारे दोघे अर्ध्या तासात आले आणि गेले. जुन्या काळ्या फळ्याच्या बरोब्बर छातीवर त्यांनी नवा ठोकला. जुन्याची डावीकडे हातभर रुंदीची पट्टी तेवढी उरली, आणि गणिताचे सर त्या पट्टीवर शिकवू लागले. आडवी जागाच नसल्यामुळे त्यांची समीकरणं वेलासारखी खाली खाली येत, आणि उत्तर यायच्या वेळी सर उकिडवे बसलेले असत. सर बसले की उत्तर जवळ आलं, हे मागच्या बाकावरूनही कळे. उठायला मात्र सरांना उत्तरापेक्षा जास्त वेळ लागे.

शेजारी नवा फळा शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत एक धबधबा दाखवत असे. दोन दिवस मुलांनी तो पाहिला. मग घरातल्या आजोबांच्या खोकल्यासारखा तोही अंगवळणी पडला.

सरांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. ही मुलं त्यांनी पाचवीपासून हाताखालून काढली होती. तेवढा वर्ग वर्षाच्या शेवटापर्यंत नेऊन सोडावा, यापलीकडे आता त्यांना काही नको होतं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसे. प्रत्येक नियमाला ती “पण का?” विचारी, म्हणून वर्गात तिचं नावच ‘पणका’ पडलं होतं. ऋण गुणिले ऋण धन होतं म्हटल्यावर तिने अर्थातच विचारलं, “पण का?”

“सहामाही होऊ दे. मग निवांत सांगतो,” सर म्हणाले होते.

सहामाही झाली, आणि एक तारखेला मुख्याध्यापिका मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं.

“बसा सर. अभिनंदन.”

“कुणाचं?” सर उभेच राहिले. बसलं की परत उठावं लागतं.

“तुमचं हो! सगळ्या शाळांत मिळून फळ्याचा सर्वांत जास्त वापर तुमच्या वर्गात. महिन्यात एकशे चव्वेचाळीस तास. दुसरा नंबर सव्वीस तासांचा आहे.” बाईंनी चष्मा सरकवून पत्र वाचलं. “सबब अशा उपक्रमशील शिक्षकास वर्गातून मुक्त करून प्रशिक्षण केंद्रात नेमण्याचे प्रस्तावित आहे. म्हणजे तुम्ही आता शिक्षकांना शिकवायचं.”

“आणि सातवी ब?”

“त्यांना फळ्यावर रेकॉर्ड केलेले पाठ लावायचे.”

“मुलांनी काही विचारलं तर?”

बाईंनी पत्र उलटून मागची बाजू पाहिली. “त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“बाई, त्या फळ्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.”

“सर, हे मी ऐकलेलं नाही,” बाई थकून म्हणाल्या. “अजून अकरा पत्रं वाचायचीत मला. उद्या शिक्षण खात्याचे साहेब येतायत. त्यांना काय सांगायचं ते सांगा.”

घरी सरांनी बातमी दिली.

“खुर्चीवर बसून काम?” सौ.ने विचारलं.

“हो.”

“पंखा?”

“एसी आहे म्हणे.”

“मग तोंड का पाडून बसलाय? ज्याला स्वतःचा फोन धड उचलता येत नाही त्याला बक्षीस मिळतंय. घ्या की गुपचूप.”

“अगं, तिला सांगायचं राहिलंय.”

“कुणाला? काय?”

“ऋण गुणिले ऋण.”

संसाराला तेहेतीस वर्षं झाली होती. आता सौ.ला आश्चर्य वाटून घ्यायचाही कंटाळा येत होता. “मग उद्या सांगा साहेबांना खरं काय ते. पण आधी गुडघ्यांना मलम लावा. उभं राहून सांगता तरी येईल.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मुलं मैदानावर होती. साहेब शेवटच्या बाकावर बसले, म्हणजे अडकले. तो बाक बारा वर्षांच्या माणसासाठी केलेला होता. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात प्रमाणपत्र होतं.

सरांनी येताना वाटेत भाषण पाठ केलं होतं. “साहेब, छत्तीस वर्षं खडू झिजवला, एक खोटं गणित मांडलं नाही. हा सन्मान खोटा आहे. शिकवलं ते सगळं त्या पट्टीवर. नोटीस द्या, शेरा मारा, पण माझा वर्ग काढून घेऊ नका!”

साहेबांनी डोळे चोळले.

“सर, चोवीस दिवस, रोज सहा तास. मधली सुट्टीसुद्धा न सोडता. मलाही गुणाकार येतो हो. एका शाळेत तर सुट्टीतही तास भरलेत. शाळेला कुलूप होतं.”

“मग ते पत्र?”

“फळा किती तास चालू होता ते यंत्र मोजतं, नावंही तेच काढतं. सही पूर्वी मी करायचो, आता तीही तेच करतं. मी आपला प्रमाणपत्रं वाटत फिरतो.”

“यातून काही सुटका?”

“आहे ना. हे पत्र कच्चं आहे. पक्का आदेश या महिन्याच्या तासांवरून निघणार. आज दोन तारीख. महिनाभर फळा बंद ठेवा. तास नाहीत तर नाव नाही. यंत्र तुम्हाला विसरून जाईल. माणसांपेक्षा लवकर विसरतं.”

“एवढंच?”

“एवढंच. आत्तापासूनच करा.”

जिन्यावर मुलांचा गलका ऐकू येऊ लागला. त्यात पणकाचा आवाज सगळ्यांत वरचा होता. सर फळ्यापाशी गेले. खालून पाहिलं, बाजूने पाहिलं, मागे हात घालून चाचपलं. धबधबा कोसळतच होता. मग ते परत आले, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले,

“साहेब, सकाळी शिपायाने मेन स्विच टाकला की हा आपला आपण चालू होतो. बंद कुठून करायचा, तेवढं जरा दाखवता का?”