बिनतिखटाची चटणी

माझ्या चटणीत तिखट नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण या हिवाळ्यात माझ्याच घरात मला उलटं पटवून देण्यात आलं आणि मीही शहाणी, पटवून घेतलं.

चटणीला वेळ तो कितीसा लागतो! लाल ढोबळी मिरची वांग्यासारखी गॅसवर भाजायची. साल पार काळी होऊन तडकली की भांड्यात झाकून ठेवायची, म्हणजे वाफेनं आपोआप सुटते. सोलून, बिया काढून, फुटाण्याची डाळ, दुधावरची साय, मीठ आणि भाजलेलं जिरं घालून मिक्सरमधून फिरवायची. शेवटी चटणीच्या भांड्यात एक वाटी ठेवायची, वाटीत पेटता कोळसा, त्यावर तेलाचा थेंब, आणि धूर निघाला रे निघाला की वरून झाकण. चार भाकरी होईपर्यंत चटणी तयार. जिभेला मऊ लागते आणि वास चुलीवरच्या भाजीचा येतो. आमच्या कामरगावात ठेच्याशिवाय घास न उतरणारी माणसं हिला लहान लेकराचं खाणं म्हणतील. म्हणू देत. मी ती जत्रेत विकायला केली नव्हती, नवऱ्याच्या तोंडासाठी केली होती.

प्रसेनजित, माझा नवरा, कामरगाव ते कारंजा जीप चालवतो. शाळा सुटल्यापासून त्याच्या गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. आमच्या भागात माणूस एक वेळ जेवण विसरेल, पण खर्रा विसरणार नाही. मागच्या वर्षी त्याला जांभई देता येईना, म्हणून अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं त्याला स्वतःचीच बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. तीन जायला हवी होती, दोन कशीबशी गेली. डॉक्टर म्हणाले, गाल आतून कडक होत चाललेत; आज सोडलं तर इथंच थांबेल, नाही सोडलं तर पुढचं मी सांगायची गरज नाही.

त्याच दिवशी घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील पुन्हा घेतलं. म्हणाला, आजवर नुसतं तोंडानं म्हणत आलो, आज घेतो. सासूबाई, विमलबाई, त्याच्या शेजारी हात जोडून बसल्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मी मात्र नुसत्या डोळे पुसण्यावर थांबणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या पानठेल्यांवर गेले. स्टँडवरच्या जगदेवच्या ठेल्यासमोर तर दहा माणसांत उभी राहून म्हटलं, "याले खर्रा दिला तं तुह्या ठेल्यापुढं येऊन बसीन." जगदेवनं कानाला हात लावला. माझ्या तोंडाची गावात तेवढी ख्याती आहे.

खर्रा सुटला, पण जेवण बसेना. ठेचा तर सोडाच, वरणातली मिरचीची फोडणीसुद्धा त्याच्या गालाला झोंबायची. ताटावर बसायचा, दोन घास खायचा, उठायचा. त्याच्यासाठी म्हणून मीही ठेचा बंद केला. असं बेचव चाललं असताना शालिग्रामभाऊंनी गावाबाहेरच्या शेडनेटमध्ये लाल ढोबळी मिरची लावली. बाहेरगावी पाठवायला न चालणारी वाकडीतिकडी मिरची ते बाजारात विकायला बसायचे. मी ती आणली आणि दोन-चारदा बिघडवून ही चटणी बसवली. पहिल्यांदा नीट जमली त्या दिवशी प्रसेनजितनं पूर्ण भाकरी खाल्ली, बोटं चाटली, आणि भांड्याला नाक लावून म्हणाला, "धूर भारी लागून राह्यला. उद्या जास्त देजो." मला इतकं बरं वाटलं की मी ओट्याकडे तोंड करून थोडं रडून घेतलं.

पुढे तो रोजच म्हणायला लागला, धूर जास्त दे. मी दोन-दोन कोळसे ठेवू लागले. जेवून उठला की त्याच्या श्वासाला, शर्टाला, उशीलासुद्धा धुराचा वास. मी मैत्रिणींत मिरवायची, की आमच्या घरच्यांना माझ्या हातच्या धुराचं वेड लागलंय.

दर रविवारी मी त्याला बोटं घालून दाखवायला लावायची. दिवाळीच्या आसपास तो एकदा चिडला. "लहान लेकरू हाय का मी? आता मोकळं हाय तोंड." मला वाटलं, पुरुषमाणूस आहे, आईसमोर लाज वाटत असेल. मी ते बंद केलं.

थंडी पडली आणि चटणी त्याला झोंबू लागली.

पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी जिरं कमी केलं. मग जिरं काढलंच. साय वाढवली. तरी घास गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी. सासूबाई माझ्या शेजारी बसून मिरच्या सोलू लागायच्या आणि म्हणायच्या, "बिया नीट काढ व रूपा, बियांतच तिखट असते." मी एकेक बी नखानं काढायची. मग माझ्या मनात आलं की याच मिक्सरच्या भांड्यात आपण वर्षानुवर्षं लाल तिखट दळलंय, ते पात्यांत बसलं असेल. नवीन भांडं आणलं आणि त्यात दुसरं काहीही दळू दिलं नाही. तरी झोंबतंच. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी हात हुंगायची, माझ्याच बोटांना तर तिखट नाही ना लागलेलं. दुसऱ्याचा संशय घेणं मला चांगलं जमतं, स्वतःचा घ्यायची सवय नव्हती. ती या घरानं लावली.

शेवटी उरली मिरची. आमच्याकडे सगळे सांगतात की गोड मिरचीशेजारी तिखट मिरची लावली तर तिखटपणा इकडून तिकडे जातो. शालिग्रामभाऊंच्या शेडनेटला लागूनच तिखट मिरचीचे वाफे आहेत. झालं, मला गुन्हेगार सापडला. मी पिशवीत चार मिरच्या घेतल्या आणि भर दुपारी त्यांच्या शेतात जाऊन थडकले. नमस्कार नाही, पाणी नाही, सरळ तोंड सोडलं. माणूस आजारी आहे, त्याच्या जिवाशी खेळता, बियाणं भेसळीचं लावता, काय काय बोलले ते आता आठवलं तरी कसंसं होतं.

शालिग्रामभाऊ वयानं मोठे, गावातले जमीनवाले. माझं बोलून झाल्यावर त्यांनी पिशवीतली एक मिरची घेतली, धोतराला पुसली आणि सफरचंद खावं तशी कचाकचा खाल्ली, बियांसकट. दुसरी माझ्या हातात दिली. मीही चावली. गोड होती. पाणीदार आणि गोड.

"बाई," ते म्हणाले, "मिरची नाई लागून राह्यली त्याले. माह्या भावालेबी आखरीले दूधभात झोंबे."

"त्याईनं खर्रा सोडला हाय, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिरचीच्या देठाकडे पाहिलं. "सोडला असन तं चांगलंच हाय," एवढंच म्हणाले. मला त्यांच्या त्या बघण्याचा राग आला. राग आला म्हणूनच मी भरभर घरी निघाले, नाही तर वाटेत भाजी घेऊन सावकाश आले असते.

दारात जीप उभी होती. ही त्याच्या कारंज्याच्या फेरीची वेळ. मी मागच्या दारानं आत गेले, कारण समोर ऊन होतं आणि चपला मागेच काढायची सवय. स्वयंपाकघरात दोघं माझ्याकडे पाठ करून उभे होते. सकाळची चटणी ओट्यावर काढलेली. सासूबाईंनी चिमट्यात कोळसा धरला होता. वाटीत ठेवला, तेल टाकलं, झाकण लावलं, अगदी मी करते तसं. मी शिकवलेलंच होतं. ओट्यावर शेजारी उघडी पन्नी पडली होती आणि मोरीत लाल थुंकी, अजून वाहून न गेलेली.

"लवकर खा," सासूबाई म्हणाल्या. "शालिग्रामच्या वावरात गेली हाय, येईनच आता. नुसत्या पान्यानं वास नाई जात."

त्यानं चमचाभर चटणी तोंडात घातली. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि मान खाली घालून गिळली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. मग दुसरा चमचा घेतला.

म्हणजे धूर यासाठी हवा होता. मी ज्याच्यावर जीव ओवाळत होते ते कौतुक खर्र्याच्या वासावर झाकण म्हणून होतं, आणि ते झाकण मी रोज स्वतःच्या हातानं लावत होते.

"कवापासून?" मी म्हटलं.

सासूबाईंच्या हातातला चिमटा पडला. प्रसेनजित वळला, पण तोंड भरलेलं असल्यानं बोलू शकला नाही. बोलल्या त्याच. "राह्यला तो काही दिवस बिना खर्र्याचा. मंग हात कापायले लागले त्याचे. गाडीवर डोळा लागे. लोकायनं भरलेली गाडी, रूपा. मी माय हाय त्याची, मले पाहवलं नाई."

"अन् देल्ला कोनं? ठेलेवाले तं देत नोते."

"मले कोन नाई म्हनते? म्हटलं माह्या दाढंसाठी पायजे."

म्हणजे पदरात लपवून आणत होत्या. माझ्यासमोर बिया काढत बसणारी हीच बाई.

"फोटोपुढं शील घेतलं होतं त्याईनं. तुमी बाजूले बसल्या होत्या."

"शीलात दारू हाय," त्या हळूच म्हणाल्या. "खर्रा कोठी हाय?" त्यात चलाखी नव्हती. हे त्यांनी स्वतःला आधी कितीदा तरी म्हणून घेतलं असावं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

मला ओरडायचं होतं. भांडी आदळायची होती, शेजारपाजार गोळा करायचा होता. ते मला येतं. पण खर्र्यापेक्षाही मला दुसरंच लागलं होतं. मी भांडं बदललं, बिया वेचल्या, हात हुंगले, एका भल्या माणसाच्या शेतात जाऊन तमाशा केला, आणि हे दोघं ते सगळं बघत होते. एकानं तरी म्हणायचं होतं, की बाई, तुझ्या चटणीत काही नाही. खर्र्याची फसवणूक मी कदाचित गिळली असती. ही कशी गिळू?

"तोंड उघडा," मी नवऱ्याला म्हटलं.

त्यानं मान फिरवली.

"उघडा म्हटलं."

उघडलं, म्हणजे जेवढं उघडलं तेवढंच. मी म्हटलं बोटं घाला. त्यानं एक घातलं, दुसरं ओठांवरच अडलं. मी मोबाइलची बॅटरी लावली, त्याची हनुवटी धरली आणि आत बघितलं. गालाच्या आत, दाढेपाशी, पांढरं काही चिकटलं होतं. चटणीची साय असेल म्हणून मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुसलं. पुन्हा पुसलं. तो कळवळला आणि माझं मनगट धरलं. पांढरं तसंच होतं.

सासूबाई माझ्या खांद्याजवळ आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं. "हे कवापासून हाय?" त्यांनी विचारलं.

प्रसेनजितनं माझ्या हातातून हनुवटी सोडवून घेतली.

"मी इचारून राह्यली तुले. कवापासून?"

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

"मले तं म्हने, तोंड मोकळं झालं. म्हने, थोडा थोडा खाल्ला तं काई होत नाई, डॉक्टरनंच सांगतलं." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "मी आनून देत होती तुले. माह्या हातानं आनून देत होती."

सासूबाई भिंतीला धरत खाली बसल्या. त्यांनी त्याचं गुपित माझ्यापासून लपवलं होतं आणि त्यानं त्याचं त्यांच्यापासून. त्या घडीला त्या घरात फसलेल्या आम्ही दोघी होतो. एरवी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले असते, पाठीवरून हात फिरवला असता. मी पेला भरला आणि त्यांच्यासमोर फरशीवर ठेवला. हातात दिला नाही.

"अकोल्याले चाला," मी म्हटलं. "आताच्या आता."

जीप त्यानंच चालवायला घेतली, दुसरं कोण चालवणार? सासूबाई पुढे बसल्या आणि माझ्यासाठी सरकून जागा केली. मी मागे जाऊन बसले, सवाऱ्या बसतात तिथं. वाटेत एका फाट्यावर दोन बायांनी हात दाखवला, आणि सवयीनं त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नोका," मी मागून म्हटलं. अकोल्यापर्यंत मी त्याच्याशी एवढंच बोलले.