शेजारणीचं छप्पर

पाणसळीतला बुडबुडा पुन्हा डावीकडे सरकला होता... दारावरच्या त्या बोटभर काचेच्या नळीत, दोन काळ्या रेघांच्या किंचित बाहेर... आणि आर्लिस कॉफीचा मग हातात धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली, कारण ट्रेलर, हे चाकांवरचं घर, सरळ उभा करणं हे मायलोचं काम होतं, चाकांखाली फळ्या सरकवायच्या, मागे जाऊन बघायचं, पुन्हा एक फळी, आणि मग आत येऊन टेबलावर संत्रं ठेवायचं. संत्रं घरंगळलं नाही की म्हणायचं, बाईसाहेब, पोहोचलो. यंदा फळ्या तिने एकटीने घातल्या. संत्रं ठेवून बघितलं नाही. घरंगळलं असतं तर ते सांगायचं कोणाला?

खिडकीच्या जाळीतून लव्हॉनचा ट्रेलर दिसत होता. दिसावा म्हणूनच तर ही जागा घेतलेली. ट्रेलर-पार्कचा मॅनेजर क्लीट तिला संत्र्याच्या बागेकडची सावलीतली जागा देत होता, आणि ती म्हणाली होती, नको रे, लव्हॉनच्या शेजारची दे, जुनी ओळख आहे, एकटीला बरं पडेल... आणि क्लीटचे डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे. मी तेव्हा हसले. उत्तर डकोटापासून टेक्सासच्या या टोकापर्यंत ट्रेलर ओढत मी एकटी आले ती ऊन खायला नाही, पत्ते कुटायला नाही. डूख धरून आले. समोर बसून मला लव्हॉनची एक चूक बघायची होती, एकच, जशी तिने मायलोची बघितली.

इथे सगळ्यांचे ट्रेलर सारखे. तीच पांढऱ्या पत्र्याची पाठ, तीच तपकिरी रेघ, तीच दोन पायऱ्यांची शिडी. चुकीच्या दारात शिरणं हा पार्कातला जुना विनोद. दर हिवाळ्यात कोणीतरी दुसऱ्याच्या फ्रिजमधली बिअर पितं आणि मग जाईपर्यंत चिडवून घेतं. गेल्या हिवाळ्यात मायलो लव्हॉनच्या ट्रेलरमध्ये शिरला तो मात्र बुटांसकट तिच्या पलंगावर झोपला, आणि ती आल्यावर तिलाच म्हणाला, तू कोण, माझ्या घरात काय करतेस. लव्हॉन त्याला हाताला धरून घेऊन आली, हसत. पायरीवर उभी राहून म्हणाली, अगं त्यात काय, माणूस आहे. आणि संध्याकाळ व्हायच्या आत क्लीटच्या ऑफिसात जाऊन बसली. मग क्लीट आला, टोपी हातात घेऊन. पार्कचा नियम आहे आर्लिस, स्वतःचं स्वतः करता येतं अशाच माणसांसाठी आहे हे, लोक घाबरलेत, गॅस आहे, गाड्या आहेत... त्याला बोलताना इतकं अवघड होत होतं की शेवटी मीच त्याची समजूत घातली.

भर हिवाळ्यात, सगळं जग दक्षिणेला येत असताना, आम्ही उत्तरेला निघालो. मी आयुष्यात ट्रेलर ओढला नव्हता. कान्सासच्या पुढे रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर, मागून ट्रेलर शेपटी हलवतोय, आणि मायलो शेजारी बसून शांतपणे सांगतोय, आर्लिस, आपण चुकीच्या दिशेने चाललोय, ऊन मागे राहिलं. त्याचं खरं होतं. एवढं एकच त्याला कळत होतं आणि तेच नेमकं खरं होतं. नंतर तो वृद्धाश्रमातल्या खिडकीशी बसून तेच म्हणायचा, आणि बर्फ वितळायच्या आत गेला. जमीन गोठलेली, गावच्या दफनभूमीत कुदळ चालत नाही. मग वसंत येईपर्यंत त्याला थांबवून ठेवलं, दगडी खोलीत, आमच्याकडे ठेवतात तसं... थंडीत गेलेल्या माणसाला. त्या खोलीचं दार मी मनात रोज उघडायचे. आत रोज लव्हॉनला झोपवून यायचे.

आर्लिसने कॉफीचा मग धुऊन पालथा घातला. सकाळी पार्कच्या हॉलमध्ये कॉफीला लव्हॉन भेटली होती, लिपस्टिक वगैरे लावून. हार्लन, तिचा नवरा, बरोबर नव्हता.

"आम्ही दोघं नदीपलीकडे चाललोय, मेक्सिकोत," लव्हॉन म्हणाली होती. "हार्लनची दाढ. इथल्या डॉक्टरकडे काढायची तर ट्रेलर विकावा लागेल बाई."

"पाठ कशी आहे त्याची?"

"पाठीला काय धाड भरलीय. म्हाताऱ्याला बसून खायला निमित्त हवं."

"पत्त्यांनाही येत नाही हल्ली."

"हरतो म्हणून येत नाही. तू जिंकू देतेस का कधी कोणाला?"

सगळे हसले होते. आर्लिसही हसली, आणि दालचिनीचा रोल मोडून अर्धा लव्हॉनच्या बशीत ठेवला. शेजारीण असावी तर अशी, असं टेबलापलीकडून कोणीतरी म्हणालंसुद्धा. हार्लन यंदा कोणाला तोंड दाखवत नव्हता, आर्लिसशी तर नाहीच. लाज वाटत असेल, असं तिने धरून ठेवलं होतं, आणि ते बरंही वाटत होतं. निदान त्या घरात एकाला तरी लाज आहे.

वारा पडला होता. हे तिच्या आता लक्षात आलं. नदीकाठच्या या खोऱ्यात दिवसभर दक्षिणेकडून कोमट वारा वाहतो, ताडांची पानं एकसारखी सळसळत असतात, इतकी की ती थांबल्यावरच ऐकू येतात. आता एकही पान हलत नव्हतं. ती पायरीवर आली. उत्तरेला, बागेच्या वर, आकाशाच्या बुडाशी शाईसारखा गडद पट्टा उमटला होता. घरचा पाहुणा. पार्कातले सगळे या उत्तरेच्या वाऱ्याला तेच म्हणतात. ज्या थंडीला चुकवून इथे यायचं तीच अशी मधूनच पत्ता काढत येते, घटकाभरात आपटते आणि हाताला लागेल ते उचलून नेते. रांगेत खटाखट आवाज सुरू झाले. ट्रेलरच्या अंगाला दांड्यांवर ताणलेली कापडी छप्परं माणसं घाईघाईने गुंडाळून घेत होती.

लव्हॉनचं छप्पर उघडंच होतं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, ऐटीत पसरलेलं. गाडी जागेवर नव्हती.

इथली रीत अशी, की ज्याच्या घरी कोणी नाही त्याचं छप्पर शेजाऱ्याने गुंडाळायचं. विचारायचं नाही, नंतर आभारही मानायचे नाहीत. त्यासाठीच आकड्याची काठी प्रत्येकजण दाराबाहेर टांगून ठेवतो. ही रीत पाळणारा पहिला माणूस मायलो. स्वतःचं नाव आठवेना तेव्हाही वारा आला की तो उठायचा आणि रांगेतली सगळी छप्परं बंद करत जायचा, लव्हॉनचंसुद्धा... लव्हॉनचं सगळ्यात आधी. तिच्या छपराच्या खिट्ट्या त्याच्या हातांना पाठ होत्या.

आर्लिस खुर्ची ओढून दारात बसली. काहीच करायचं नव्हतं. किती सोपं होतं हे, काहीच करायचं नव्हतं. वारा खालून शिरेल, कापड फुगेल, सगळा सांगाडा उलटा होऊन टपावर आपटेल, दांडे पत्रा फाडून बाहेर येतील, आणि मागून पाऊस. घर विकून बसलेत दोघं, बारा महिने चाकांवर, मिरवतात त्याचं... हा पत्राच काय तो त्यांचा. आणि मी म्हणेन, अगं डुलकी लागली गं मला. मी म्हणेन, होतं गं, माणूस आहे. भूक लागावी तसं पोटात काहीतरी जागं झालं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला अगदी छान वाटलं.

तेवढ्यात लव्हॉनचं दार आतून हललं.

एकदा, दोनदा, मग धाडकन उघडलं. कडीला बाहेरून बांधलेली दोरी तुटून लोंबकळत राहिली, आणि हार्लन पायरी उतरून छपराखाली आला. डोक्यावर केसाळ हिवाळी टोपी, अंगात पायजमा, बूट उलटसुलट पायांत. त्याने आकड्याची काठी काढली. बरोबर, आर्लिसला वाटलं, अजून चपळ आहे म्हातारा. पण तो काठी हातात घेऊन नुसता उभा राहिला. वर बघितलं, काठीकडे बघितलं, काठीचं दुसरं टोक वर केलं, आणि पुन्हा पहिलं. मासेमारीचा गळ टाकावा तशी ती हळूच हवेत फिरवली... आणि आर्लिस खुर्चीतून अर्धवट उठली, कारण हे तिने बघितलं होतं, याच बोटांत नाही पण असंच, मायलोच्या चमचा धरलेल्या, दाढीचं पातं धरलेल्या बोटांत. पाठदुखी नव्हतीच. दाढदुखीही नव्हती. आणि ती दोरी... परतीच्या वाटेवरच्या मोटेलांमध्ये मायलोच्याच पट्ट्याने मीही दार बांधत होते.

सापडलीस, लव्हॉन.

वारा आला. बागेतून आधी आवाज, मग धूळ, मग एकदम थंडीची भिंत. छप्पर फुगून वर उठलं, दांडे करकरले, आणि हार्लन त्याच्या खाली तसाच, काठी छातीशी धरून. ती कधी धावली ते तिला कळलं नाही. त्याच्या हातातून काठी हिसकली, एका बाजूचा दांडा सैल केला, मग दुसऱ्या बाजूचा, आकड्याने खिट्टी उलटवली, पट्टा मनगटाला गुंडाळून मागे रेलली आणि कापड धडधडत आत गेलं. तळहात सोलून निघाले. स्वतःचाच इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी उभं राहिलं... वाऱ्याने आलं असेल.

"मायलोला हाक मार," हार्लन म्हणाला. "त्याला येतं हे."

"तो नाहीये."

"बाहेर गेलाय?"

"हो."

"मग आला की पाठव. लव्हॉन मला कोंडून ठेवते गं. काय वेडी बाई आहे."

तिने त्याला आपल्या ट्रेलरमध्ये आणून बसवलं, खांद्यावर रजई टाकली, बूट काढून नीट पायांत घातले. तोवर क्लीटची छोटी विजेची गाडी रांगेतून येताना दिसली. वाऱ्यानंतर तो सगळ्यांची छप्परं बघत फिरतो. ती दारात जाऊन उभी राहिली, दार भरून.

"लव्हॉनचं तुम्ही बंद केलंत ना? बरं झालं," क्लीट म्हणाला. "हार्लन कसा आहे? दिसतच नाही. काही... सगळं ठीक आहे ना त्यांच्याकडे?"

तोंडात आलं होतं. एका वाक्याचं काम. उद्या क्लीट टोपी हातात घेऊन त्या दारात उभा राहील, आणि लव्हॉन त्याची समजूत घालेल.

"दोघं नदीपलीकडे गेलेत," आर्लिस म्हणाली. "दाढ काढायला."

तो गेला. कीव नव्हती ती, हे तिने स्वतःला बजावलं. कीव कशाला येईल. लव्हॉनने माझा माणूस एका दिवसात देऊन टाकला. मी तिचा इतक्या स्वस्तात देणार नाही. हे माझ्याजवळ राहील, रोज सकाळी कॉफीला, रोज रोल मोडताना... तिला माझ्याकडे बघावं लागेल. आत हार्लन टेबलावरचे पत्ते एकेक उलटे घालत होता, अगदी मन लावून.

लव्हॉन आली ती दुपार कलल्यावर. कोटाशिवाय, पातळ ब्लाऊजवर, गारठलेली. तिने मिटलेलं छप्पर बघितलं, तुटलेली दोरी बघितली, आणि मग सावकाश, कोणी बोलावल्यासारखी, आर्लिसच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आर्लिसने तिला थोडा वेळ वाऱ्यात उभं राहू दिलं.

"आत आहे," मग ती म्हणाली.

"काय बोलला?"

"तू कोंडतेस म्हणाला."

लव्हॉनने तोंडावरून हात फिरवला. लिपस्टिक गालाला लागली. "औषध आणायला गेले होते. त्याला नेलं तर पुलावरच्या गर्दीत कुठे तरी निघून जातो. क्लीटला सांगितलंस?"

"तुला काय वाटतं?"

"मी असते तर सांगितलं असतं," लव्हॉन म्हणाली. "सांगितलंच की मी. मला भीती वाटली होती आर्लिस. त्याला पलंगावर बघितलं आणि हार्लनही त्या दिवसांत... जरा जरा... मला ते बघायचंच नव्हतं गं. समोर नको होतं मला ते." ती थांबली. "आम्हाला परत जायला घर नाहीये. तुला ठाऊक आहे."

हाच चेहरा. वर्षभर मी हाच चेहरा मनाशी रंगवत होते, असाच उघडा, लिपस्टिक पसरलेला. आणि तो आता हातभर अंतरावर होता आणि आर्लिस त्याच्याकडे बघत राहिली, डोळे भरून, पोट भरून.

"पुढे काय होतं?" लव्हॉनने विचारलं, अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "डॉक्टर नीट सांगत नाहीत. तुला माहीत आहे ना सगळं. पुढे काय होतं?"

आर्लिसला हसू आलं. सूडासाठी वेगळं काही शोधायची गरजच नव्हती. जे घडलं तेवढंच सांगायचं होतं, त्याहून वाईट लव्हॉनला ऐकवण्याजोगं जगात काही नव्हतं. ती पायरीवर सरकली, लव्हॉनला शेजारी बसायला जागा केली, आणि सांगू लागली... चमच्यापासून, दाढीच्या पात्यापासून, अंघोळीच्या वेळी मायलो कसा मारायला धावे, माझं नाव कधी गेलं, त्याच्या आईचं नाव कधी परत आलं... सावकाश, काहीही न गाळता. लव्हॉन रडत होती. आर्लिस थांबली नाही. कान्सासमधल्या त्या रस्त्यापर्यंत आली तेव्हा तिचा स्वतःचा आवाज तिला परक्यासारखा ऐकू आला, भराभर बोलणारा, मध्येच हसणारा. आणि लक्षात आलं की मायलो गेल्यापासून ती पहिल्यांदाच कोणाशी तरी त्याच्याबद्दल बोलते आहे, आणि ही बाई आता उठून जाईल की काय, या भीतीने तिने लव्हॉनचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.