डब्यातल्या दोन काचा

कोणावरच विश्वास ठेवायचा नाही, असा माझा नियम नाही. शिवमवर ठेवायचा नाही, असा मात्र होता.

अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं एकाच विषयावर पीएच.डी. करत होतो. काचेवर सौरघटाचा थर द्यायचा, केसाहून कितीतरी पातळ. इतक्या पातळ थरातून निम्मं ऊन आरपार निघून जातं. ते आतच घोटाळत राहावं म्हणून मी काच आधी खरखरीत करून घ्यायचे. शिवम थराचीच कृती बदलून बघत होता. जी काच जास्त प्रकाश शोषेल, ती घेऊन अकोल्याच्या परिषदेला जायचं, असं सौमित्र सरांनी सांगितलं होतं. मला जायचंच होतं.

शुक्रवारी शिवमची काच जेमतेम साठ टक्के प्रकाश शोषत होती. मग तो दर्यापूरला घरी गेला आणि आईला दाखवायला काचांचा डबाच घेऊन गेला. त्यात माझी नवी, अजून न मोजलेली काचही होती. सोमवारी त्याची काच एकदम बहात्तरवर. दोन दिवसांत घरी बसून असं काय केलं यानं? पाणी कुठेतरी मुरत होतं. माझी नवी काचही त्याच दिवशी मोजली, ती ऐंशीवर गेली होती, पण ती माझ्या मेहनतीनं.

तो चहाला गेला तेव्हा मी त्याची काच उलटी केली. मागे, अगदी मधोमध, यंत्राचा प्रकाश पडतो तिथेच, काळा ठिपका. थर आधीच काळपट, त्यामुळे समोरून काही दिसत नव्हतं. यंत्राला फक्त प्रकाश किती गडप झाला एवढंच कळतं. तो थरानं खाल्ला की काळ्या डागानं, हे त्याला काय ठाऊक? मी सरळ सरांना बोलावून आणलं. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

शिवम आला. सरांनी काच पुढे केली. "हे काय आहे?"

त्यानं ठिपक्यावर बोट फिरवून पाहिलं. "काजळ हाय सर." त्याचा चेहरा पडला. "मायनं तीट लावली असन. डबा घेऊन देवाजवळ बसली होती. म्हने, कामाले नजर नाही लागली पायजे. मले वाटलं, डब्यालेच लावून राहिली."

"फक्त तुझ्या कामाला?"

"नाही, दोघाईच्या. म्हने, त्या पोरीचं बी हाय न त्यात, तिले कावून सोडाचं?"

सर माझ्याकडे वळले. "निधी, तुझी काच आण."

मी आणली. स्वतःची काच मी एकदाही उलटून पाहिली नव्हती. मला लाज वाटली, रागही आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. सरांनी ती हातात घेऊन उलटी केली.

माझ्या काचेवरची तीट शिवमच्या काचेवरच्यापेक्षा मोठी होती.