माझ्या तीन पायऱ्या आणि ती बुटकी बस

मित्रांनो, मी एक जुनी शहर बस आहे, आणि खरं सांगायचं तर गंजापेक्षा मत्सरानेच मला जास्त पोखरलं आहे.

कारखान्यातून माझा नुसता सांगाडा आला, चाकांवर उघडाबोडका. अंग मिळालं ते डेपोच्या वर्कशॉपमध्ये. कारागिरांनी पत्रे ठोकले, सुतारांनी फळ्यांची जमीन घातली. खाली इंजिन बसायचं, म्हणून जमीन उंच ठेवली आणि दारात तीन उभ्या पायऱ्या आल्या. आमचा अख्खा ताफा असाच उंच, लालभडक. आम्ही रांगेने निघालो की लोक वळून बघायचे.

माझे ड्रायव्हरदादा रोज सकाळी स्वतः माझी काच पुसायचे. कंडक्टरताई हसायच्या, "घरच्या आरशाला तरी कधी एवढं पुसता का हो?"

"घरच्या आरशातून रस्ता थोडाच दिसतो?" दादा म्हणायचे.

दादांच्या आईचे गुडघे अधू होते. एकदा त्या हौसेने स्टॉपवर आल्या. "बघू तरी, माझा लेक गाडी कशी हाकतो!" दांडी धरली, पाय उचलला, पण पायरी काही गाठेना. मागून कुणीतरी खेकसलं, "आजी, चढा नाहीतर सरका!"

"जा रे बाळा, मी येते चालत," आई म्हणाल्या. दादा वळणापर्यंत आरशात बघत राहिले.

काही वर्षांनी ती आली. विजेवर चालणारी, बुटकी, गुळगुळीत. बॅटऱ्या छपरावर, त्यामुळे जमीन जवळजवळ फुटपाथच्या उंचीला. ना धूर, ना खडखडाट. दादांना प्रशिक्षणाला पाठवलं, आणि परत आले ते तिच्याकडेच गेले. दुसऱ्या सकाळी बघते तर तिची काच पुसताहेत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला कुणी फडकंही लावलं नाही. गर्दीच्या वेळी एखादी जादा फेरी, बाकी दिवसभर डेपोच्या कोपऱ्यात धूळ खात उभी.

एका दुपारी स्टॉपवर मी नेमकी तिच्या मागे होते. काठी टेकत आई आल्या. ती बया फुस्स करून हवा सोडत दाराच्या कुशीवर फुटपाथपर्यंत झुकली!

"ये आई, पाय उचलूच नकोस. नुसती चाल," दादा म्हणाले.

आई चालत आत गेल्या आणि लेकाच्या मागच्या सीटवर बसल्या. "एवढंच होतं होय? मग इतकी वर्षं अडलं कुठे रे?"

अडलं होतं ते माझ्या दारात.

त्या दिवशीचा जळफळाट निराळाच होता. माझे दादा तिने नेलेच होते. आता मला जन्मात जमलं नाही ते तिने चुटकीसरशी करून दाखवलं. तिचा हेवा अजून जात नाही.

आता मला मोडीत काढणार आहेत. माझा पत्रा वितळवून नवं काहीतरी घडवतील म्हणे. मित्रांनो, उद्या तुम्ही बस बांधा, शाळा बांधा, घर बांधा. रंग ठरवण्याआधी ज्याला पाय उचलवत नाही त्याला दाराशी बोलवा. आणि माझ्या पत्र्याची पुन्हा बसच केलीत, तर मला वाकता येईल अशी घडवा.