तिरपी रेघ

"फोड ती फरशी," मी मुकेश मिस्त्रीवर ओरडलो.

तो थापी हातात धरून नुसता उभा. मारुतीपुढच्या ओट्यावर नव्या टाइल्स चकचकत होत्या आणि त्यांच्याखाली आमचा दगड गेला होता. कोण्या आज्या-पणज्यानं त्यावर आडव्या, उभ्या, तिरप्या रेघांचा वाघ-बकरीचा पट कोरलेला. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी मी आणि लहानू त्यावर खेळलो.

लहानू हातपंप दुरुस्त करायचा. सहा वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्याचे डोळे नेले, पण खेळ नाही नेला. काठी टेकत एकटा यायचा, दगडातल्या खाचांवरून बोटं फिरवायचा आणि मला डोळसाला सपाटून हरवायचा. दिवसभर खाटेवर पडून असणाऱ्या माणसाचा तेवढाच एक तास स्वतःचा होता. तोही या लोकांनी बुजवला.

सरपंच धर्मेंद्र आला. म्हणाला, "काऊन तापून राह्यले काका? मोबाईलवर हाये ना वाघ-बकरी. मी टाकून देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळ्याला मोबाईल! त्या गुळगुळीत काचेवर तो काय चाचपेल, स्वतःचं कपाळ? मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अर्ज तुमच्याच हातचा हाये, काका," तो म्हणाला.

होताच. तीस वर्षं कारकुनी केलेला मी. गावातली पोरं आली, पंचायतीला अर्ज लिहून द्या म्हणाली, दिला खरडून. 'जुना खडबडीत ओटा फरशी बसवून समतल करावा.' जळो ते माझं वळणदार अक्षर! ओटा खडबडीत कशानं झाला, हे लिहिताना या गाढवाच्या डोक्यात आलं नाही.

तरी मी मुकेशला पुन्हा म्हटलं, फोड. तो खाली बघत म्हणाला, "सिमेंट धरावं म्हणून दगड पह्यलेच छन्नीनं ठोकून घेतला, बाबूजी. खाली काई नाई उरलं."

तेवढ्यात लहानू आला आणि रोजच्या जागी बसला. त्याची बोटं टाइल्सच्या सांध्यांवरून फिरू लागली. आडवी रेघ लागली, उभी लागली. तो पुन्हा पहिल्यापासून चाचपू लागला.

"तिरपी रेघ कुठी गेली, केशव?"

"मीच बुजवली रे," मी म्हणालो.

त्यानं सांध्यावरचं बोट उचललं. मग उठला आणि हात पुढे केला.

"मले घरी नेऊन सोड."

सहा वर्षांत त्यानं कोणाचा हात मागितला नव्हता.