मिनलच्या गल्लीतला चहा

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यांनी तयार घर विकत घ्यायला निघालेल्या माणसासाठी काहीच सांगून ठेवलेलं नाही. त्यामुळे मेघाने आपली रीत आपणच बसवली होती. मालक फरशी, खिडक्या, गच्ची दाखवायचा आणि मेघा शेजारच्या बायकांची तोंडं बघायची. आधीच्या घरांनी तिला ही अक्कल शिकवली होती. गप्पा रंगात आल्या की कोणीतरी आडनाव विचारायचं, माणसं बौद्ध आहेत हे कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा घर विकण्याचा विचारच बदललेला असायचा. तिचा नवरा अंकुश ते हसण्यावारी न्यायचा. मेघाला हसू येत नसे. आता ती ताकही फुंकून पीत होती.

म्हणून मिनलने जेव्हा सांगितलं की तिच्या दिरांचं, सौरवभाऊंचं घर विकायचं आहे आणि ते तिच्या घराच्या भिंतीला लागून आहे, तेव्हा मेघाला स्वर्ग दोन बोटं उरला. दोघी सीताबर्डीला एकाच कापडाच्या दुकानात होत्या. मेघा बिलावर, मिनल ब्लाउजपीसवर. वर्षानुवर्षं डबा एकत्र. मेघाचं वरण मिनलच्या भातावर, मिनलची भाजी मेघाच्या पोळीत, आणि डबा कोणाचा ते धुतानाच कळायचं. तो लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली नवी वस्ती, मौद्याच्या रस्त्याला होता, मेघाच्या नंदनवन भागातल्या भाड्याच्या खोल्यांपासून बराच लांब. पण भिंतीपलीकडे मिनल असणार होती, मग लांब काय आणि जवळ काय.

सासूबाईंनी, म्हणजे तुळसाबाईंनी, एकच गोष्ट बजावली. पाणी पाहा. बोअरचं पाणी खारं असलं तर डाळ कितीही उकळली तरी दाणा टणक राहतो, तेव्हा तिथे जाऊन वरण खाऊन ये. सासूची ही परीक्षा मेघाने डबा खाताना मिनलला सांगितली आणि दोघी पोट धरून हसल्या. परीक्षेचा पेपर आपणच फोडला, हे मेघाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शिवाय कोणाच्या घरी न सांगता जाऊ नये, असं तिच्या आईचं वळण. त्यामुळे घर बघायला निघताना दर वेळी मिनलला आधी फोन.

दर वेळी मिनलने जेवू घातलं. वरण लोण्यासारखं मऊ. हे बोअरचंच पाणी ना, असं मेघाने विचारलं, तर मिनल म्हणाली, मग काय. खरं सांगायचं तर मेघाचं लक्ष वरणात नव्हतंच. ती आडनावाच्या प्रश्नाची वाट बघत होती. समोरच्या सिंधूताईंनी तो विचारला. मेघाने आडनाव सांगितलं आणि श्वास रोखून बसली. सिंधूताई उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, घरातल्या रोजच्या कपांत. मग शेजारच्या घरानेही आग्रहाने बोलावलं, तिथेही चहा. परतताना अंकुशच्या मागे गाडीवर बसून मेघा चक्क रडली. बयाना, म्हणजे विसाराचे पैसे, द्यायचं त्याच रात्री ठरलं.

बयाना सोमवारी संध्याकाळी द्यायचा होता. रविवारी तुळसाबाई हटून बसल्या, की मला घर पाहू द्या, मग काय ते करा. मिनलचा फोन लागेना. त्या दिवशी मेघा पहिल्यांदाच न सांगता त्या गल्लीत गेली. मिनलच्या दाराला कुलूप होतं, सगळे लग्नाला गेले होते. सौरवभाऊंच्या घराची चावी सिंधूताईंकडे होती, त्यांनी दार उघडून दिलं. तुळसाबाईंनी ना फरशी पाहिली ना खिडकी. सरळ स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओंजळ तोंडाशी नेली.

"ते नका पिऊ बाई," सिंधूताई म्हणाल्या. "ते भांडे घासाले. प्याले आन रांधाले आमी सारे पान्याचे कॅन इकत घेतो."

मेघाला वाटलं, त्या फक्त स्वतःच्या घराचं सांगत असतील. तिने पुन्हा विचारलं. सिंधूताई काही वाईट बाई नव्हत्या. सौदा झालाच आहे, आता लपवायचं कशाला, अशा समजुतीने त्या बोलत गेल्या. उन्हाळ्यात हेही पाणी आटतं. ज्याला जमतं तो इथून निघतो. हे घर विकलं की मिनलही जाणार, तिच्या नवऱ्याने आणि सौरवभाऊंनी, दोघा भावांनी, शहरात फ्लॅट पाहून ठेवला आहे. मेघाचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना वाटलं, मिनलबद्दल दोन शब्द चांगले बोलावेत.

"पन तिचा जीव हाय वं तुह्यावर. तिनंच आमाले बजावलं होतं, पान्याचं काढू नका, आन आडनाव आयकून तोंड वाकडं करू नका, चहा पाजा म्हून."

ज्या चहासाठी मेघा रडली होती, तो सांगून पाजलेला होता. तुळसाबाईंनी पिशवीतली बाटली काढली, त्याच नळाखाली भरली आणि झाकण घट्ट लावलं.

घरी येऊन त्यांनी पातेल्यात डाळ चढवली. मेघा पुन्हा पुन्हा दाणा दाबून बघत होती. अजून थोडं उकळू द्या, अजून थोडं, असं म्हणत होती. एवढं ऐकूनही तिला ती डाळ शिजायला हवी होती, आणि याचाच तिला जास्त राग आला. शेवटी तुळसाबाईंनीच गॅस बंद केला.

सोमवारी दुपारी दोघींनी नेहमीसारखे डबे उघडले. मिनलने हसत विचारलं, संध्याकाळी किती वाजता येता. मेघाने नेहमीसारखं तिच्या भातावर वरण वाढलं. मिनलने घास घेतला, दोनदा चावला आणि थांबली. तिला सगळं कळलं. मग ती भराभर बोलू लागली. घर कधीचं अडकलं होतं, कोणी घेतच नव्हतं, दिरांचा तगादा होता.

"आन तुले बी तर कोणी घर देऊन नव्हतं राहिलं ना," ती शेवटी म्हणाली.

"पान्याचं खोटं मी गिळलं असतं, मिनल," मेघा म्हणाली. "तुह्यासारखे कॅन आणले असते. पन त्या चहासाठी मी रडली होती वं."

मेघाने आपला डबा स्वतःकडे ओढून घेतला आणि त्याच वरणाशी आपली पोळी खाऊ लागली. दाणे दाताखाली कचकचत होते. तिने डबा संपवला, उठली आणि पहिल्यांदाच फक्त स्वतःचा डबा धुतला.